आबा, तुम्ही त्याला पाच मिनिटं पाहिलंय

मिडल्सबरो, इंग्लंड
रविवार, ८ मार्च

ती. आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. माझी तब्येत, नोकरी, खोली सगळं जाग्यावर आहे. फोन असताना पत्र कशाला, तर फोनवर फुटबॉलचा विषय निघाला की आबा "हं, आईशी बोल" म्हणून फोन पुढं सरकवतात. पत्राचं तसं करता येत नाही. आईचा चष्मा कायम देवघरात विसरलेला असतो, त्यामुळं हे आबांनाच वाचावं लागणार. दादानं वाचून दाखवलं तरी चालेल, फक्त त्यानं मधलं गाळायचं नाही.

आई, तुझ्यापुरतं आधी सांगून टाकते. कांदा-लसूण चटणीची बरणी तळाला लागली आहे, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव. पाडव्याला सुट्टी नाही, पण दुपारची पाळी आहे, तेव्हा सकाळी गुढी उभारून जाईन. थंडी कमी झाली असं इथली माणसं म्हणतात. मी अजून दोन स्वेटर घालूनच बाहेर पडते. झालं तुझं.

आता आबा.

आमच्याकडं दर मंगळवारी गुडघ्याचा वर्ग असतो. गुडघा बदललेली आठ-दहा माणसं येतात, बहुतेक साठी-सत्तरीची. खुर्चीतून उठायचं, बसायचं, जाग्यावरची सायकल मारायची, लाकडाच्या चार पायऱ्यांवर चढायचं नि उतरायचं. कुणाची नावं सांगता येत नाहीत, तसा नियम आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा असतो: गुडघा बरा झाला की काय करायचंय? त्यावरून व्यायाम ठरतात. कुणाला नातवाला शाळेत सोडायचं असतं, कुणाला बागेत गुडघे टेकून माती उकरायची असते. एक आजोबा म्हणाले, "रिव्हरसाइडला माझी सीट वरच्या रांगेत आहे. तिथवर कुणाचा हात न धरता जायचंय." मी कागदावर तसंच लिहून घेतलं. रिव्हरसाइड म्हणजे इथलं फुटबॉलचं स्टेडियम.

या आजोबांच्या डाव्या मनगटावर तुमच्यासारखेच बारीक पांढरे डाग आहेत. वितळलेल्या लोखंडाचा थेंब उडाला की पडतात ते. मी लहानपणापासून ते डाग ओळखते, त्यामुळं न विचारताच म्हणाले, "फाउंड्री?" ते म्हणाले, "स्टील." सगळी हयात भट्टीवर गेली. हे गावच लोखंडाचं होतं. सिडनीच्या बंदरावरचा तो मोठा कमानीचा पूल इथल्या डॉर्मन लाँग कंपनीनं बांधला, १९३२ साली खुला झाला, आणि त्याचं बरंचसं पोलाद इथून बोटीनं गेलं. शेजारच्या रेडकारची शेवटची मोठी भट्टी २०१५ साली विझली. आपल्या कोल्हापुरात, उद्यमनगरात एखादी फाउंड्री बंद पडली की चहाच्या गाड्यावर जी शांतता असते, ती इथं अख्ख्या गावावर आहे. तरी शनिवारी सामना असला की तीच माणसं लाल शर्ट घालून अशी निघतात, की मला थेट शाहू स्टेडियमचा रस्ता आठवतो. हलगी तेवढी नसते.

तर या वर्गात फेब्रुवारीच्या शेवटी एकच विषय चालतो. २९ फेब्रुवारी २००४ ला इथल्या मिडल्सबरो क्लबनं कार्डिफला बोल्टनला २-१ हरवून लीग कप जिंकला. क्लब १८७६ चा. १२८ वर्षांतला पहिला मोठा कप. २९ तारीख दर वर्षी येत नाही म्हणून ही मंडळी २८ लाच सुरू करतात आणि मार्च अर्धा होईपर्यंत थांबत नाहीत. आणि कपाची गोष्ट सुरू झाली की तीन वाक्यांत गाडी कपावरून उतरते आणि एका माणसावर येते. जुनिन्यो.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शहाणपणानं विचारलं, "म्हणजे तो लांबून फ्री किक मारायचा तो?" वर्ग गप्प झाला. शिवाजी पेठेत उभं राहून मंगळवार पेठेच्या संघाचा जयजयकार केल्यासारखं झालं. फ्री किकवाला तो दुसरा, फ्रान्समध्ये लिऑंकडं खेळायचा, जुनिन्यो पेर्नाम्बुकानो. हा जुनिन्यो पॉलिस्टा. साडेपाच फूट उंची, पोरासारखा चेहरा. सगळे त्याला प्रेमानं 'लिटल फेला' म्हणतात. आपल्याकडं असता तर दुसऱ्या दिवशी त्याचं 'छोट्या' झालं असतं आणि खरं नाव पेपरवाल्यांनाच माहीत राहिलं असतं.

आबा, तुम्ही त्याला पाहिलंय. ३० जून २००२, रविवार, दुपारी साडेचार. ब्राझील-जर्मनी फायनल. गल्लीत पिवळे-हिरवे पताके लावलेले, आपल्या घरात पंचवीस माणसं, आणि मी तुमच्या पायाशी सतरंजीवर. रोनाल्डोचे दोन्ही गोल होऊन गेले होते. ८५ व्या मिनिटाला रोनाल्डिन्यो बाहेर आला आणि १९ नंबरचा एक बुटका आत गेला. तुम्ही म्हणालात, "याला आता कशाला आणला, वेळ काढायला?" तोच तो. सुरुवातीचे सामने तो पहिल्यापासून खेळला होता, मग जागा गेली, शेवटी पाच मिनिटं मिळाली. वर्ल्ड कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात तो कुठं गेला, तर इथं, या धुरकट गावात. तिसऱ्यांदा.

पहिल्यांदा आला १९९५ साली. जूनमध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध त्यानं फ्री किकवर गोल मारला. (म्हणजे तोही मारायचा बघा, माझी चूक अगदीच काही फुकट नव्हती.) ऑक्टोबरमध्ये मिडल्सबरोनं साओ पावलोकडून त्याला ४७ लाख ५० हजार पौंडांना घेतलं. क्लब नुकताच वरच्या लीगमध्ये आलेला, स्टेडियम नवंकोरं. त्याआधी नऊ वर्षांपूर्वी या क्लबचं दिवाळं निघून मैदानाच्या दरवाजाला कुलूप लागलं होतं. आणि तिथं ब्राझीलचा खेळाडू! आजोबा म्हणतात, "आम्हाला वाटलं पेपरवाल्यांनी थट्टा चालवलीय." ४ नोव्हेंबरला लीड्सविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला आणि थोड्याच वेळात फ्योर्टॉफ्टला असा पास दिला की त्यानं नुसता गोलात ढकलायचा. सामना १-१ सुटला. पण त्या पासाबद्दल बोलताना सायकलीवरच्या सगळ्यांचे पाय थांबतात, आणि मला ओरडायला लागतं.

गावाबाहेर इंगलबी बारविक नावाची नव्या घरांची वसाहत आहे. तिथं तो घरच्यांना घेऊन राहायचा आणि गल्लीतल्या पोरांबरोबर बॉल मारायचा. गोष्ट खरी आहे, पण आता तिचं असं झालंय की चाळिशीतला जो भेटेल तो सांगतो, मी त्याच्याबरोबर खेळलोय. एवढी पोरं मावायची तर ती गल्ली नसून शाहू स्टेडियमच असायला पाहिजे होतं.

परक्या, चणीनं लहान माणसांवर जीव टाकायची या गावाला जुनीच खोड आहे म्हणा. १९६६ च्या वर्ल्ड कपला उत्तर कोरियाचे सामने इथल्या जुन्या आयर्सम पार्कवर होते. त्यांनी इटलीला १-० हरवलं आणि गाव त्यांचं झालं, पुढच्या सामन्याला इथली माणसं त्यांच्या मागं लिव्हरपूलला गेली. आता त्या मैदानावर घरं झालीत. पाक दू-इकनं जिथून तो गोल मारला तिथं कुणाच्या तरी अंगणात एक छोटीशी ओतीव खूण बसवलीय. मी मुद्दाम बघून आले. ओतकाम तुम्हाला पसंत पडलं असतं. मला तेव्हा आपल्या माडीवर एक सीझन राहिलेला तो नायजेरियन पोरगा आठवला. आई त्याला पांढरा रस्सा द्यायची आणि तो तांबडाच मागायचा. गेला तेव्हा गल्ली स्टँडपर्यंत पोचवायला गेली होती. कप काही आणला नव्हता त्यानं.

१९९६-९७ चं वर्ष. यावर जरा थांबते, कारण वर्गानं मला त्याचं गणित किमान तीन वेळा शिकवलंय. संघात जुनिन्यो, इटलीचा रावानेल्ली, ब्राझीलचा एमर्सन. एवढं सगळं असून लीगमध्ये घसरण. डिसेंबरात २१ तारखेला ब्लॅकबर्नला सामना होता. २३ खेळाडू आजारी नाहीतर जखमी, म्हणून क्लबनं आदल्या दिवशी कळवून टाकलं की आम्ही येत नाही. जानेवारीत शिक्षा झाली: ३ गुण कापले आणि ५० हजार पौंड दंड. मे महिन्यात हिशोब लागला तेव्हा मिडल्सबरो ३९, कॉव्हेंट्री ४१. कॉव्हेंट्री वाचली, हे खाली गेले. ३ गुण मिळवा बघू. तुम्ही आत्ता मनात मिळवलेत ना? तसंच इथं गेली जवळजवळ तीस वर्षं सगळे मिळवतायत. या तीन गुणांवर वर्गात चहा थंड होतो. माझं मत विचाराल तर मैदानावर अकरा जण उभे करायचे होते. तालमीतली नवखी पोरं उतरवून पाच गोल खाल्ले असते तरी हे परवडलं असतं. हे मी एकदा बोलून दाखवलं. दुसऱ्या मंगळवारी दोघं जण माझ्याशी बोलत नव्हते.

त्याच वर्षी हा संघ दोन्ही कपांच्या फायनलला गेला. लीग कपात लेस्टरनं पाँतुस कोमार्क नावाचा एक स्वीडिश माणूस जुनिन्योला लावला, त्यानं सावलीसारखी पाठ धरली. हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको. तुम्ही तर म्हणायचात की हाफबॅकला माणूस लावला की समजायचं, त्यांना आपली भीती बसली. तरी जादा वेळेत मिडल्सबरो पुढं होतं. ११८ व्या मिनिटाला बरोबरी झाली, आणि पुन्हा खेळवलेला सामना एका गोलानं गेला. मग एफए कपाची फायनल, चेल्सीशी. पहिलं मिनिट संपायच्या आत दि मातेओनं लांबून गोल घातला. ०-२. दोन कप गेले आणि लीगही गेली, सगळं दीड महिन्यात.

या दोन फायनलांच्या मध्ये ११ मे चा तो सामना आहे, लीड्सच्या मैदानावरचा. जिंकलंच पाहिजे असा. लीड्सनं गोल केला, आणि दोनच मिनिटांत जुनिन्योनं बरोबरी केली. पुढं काही झालं नाही. १-१. पहिला सामना लीड्सशी १-१, लीगमधला शेवटचा लीड्सशी १-१, आणि दोन्ही वेळा लीड्सचा गोल ब्रायन डीनचाच. शिट्टी झाली आणि तो मैदानावरच बसला नि रडला. लहान पोरगं रडतं तसं, सगळ्यांसमोर.

वर्गात एक बाई आहेत, आख्ख्या गप्पांमध्ये कमी बोलतात. त्या म्हणाल्या, "तो आमच्या गावचा नव्हता. त्याला काय पडलं होतं? उद्या कुठल्याही मोठ्या क्लबात गेला असता. पण माझ्या नवऱ्यासारखाच बसला होता, डोकं खाली घालून." एवढंच. मग दोरी पायाला लावून व्यायामाला लागल्या.

गेलाच तो. १ कोटी २० लाख पौंडांना माद्रिदला, ॲटलेटिकोकडं. पुढच्या वर्षी फ्रान्सचा वर्ल्ड कप, दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये राहून ब्राझीलच्या संघात जागा कशी मिळणार? इथं त्याला कुणी शिवी दिली नाही. आपल्याकडं खेळाडूनं तालमीचा संघ बदलला की शेजारी दोन वर्षं दूध वेगळ्या कट्ट्यावरून आणतो. आणि नशीब कसं असतं बघा. फेब्रुवारी १९९८ मध्ये सेल्टा क्लबच्या मिशेल साल्गादोनं मागून पाय घातला, पायाचं हाड मोडलं, वर्ल्ड कप हुकला. १९९९ ला उसनवारीवर एक वर्ष इथं परत आला. मग २००२ ला, ते मघाशी सांगितलं.

आणि आल्या आल्या काय, गुडघा. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या सामन्यात क्रूशिएट लिगामेंट, गुडघ्याच्या आतला बंध, गेला. आबा, तोच. तुमचाही बहुतेक तोच. त्याला ऑपरेशन झालं, महिनोन्‌महिने माझ्यासारख्या कुणीतरी त्याच्याकडून खुर्चीतून उठ-बस करून घेतली असेल, आणि मार्च २००३ मध्ये एव्हर्टनविरुद्ध परतला तो गोल मारूनच. तुम्हाला वस्तादांनी मालीश केली, आईनं हळद-तुरटीचा लेप लावला, आणि पंधराव्या दिवशी पट्टा आवळून तुम्ही फायनलला उतरलात. मी कॉलेजात पहिल्यांदा त्या लिगामेंटचा धडा वाचला त्या रात्री मला झोप आली नव्हती. तुम्हाला कधी बोलले नाही. त्या पायावर वळताच येत नाही आबा. तुम्ही सबंध सामना, वर जादा वेळ, वळत होतात.

२० जानेवारी २००४, लीग कपाची सेमीफायनल, हायबरी. समोर आर्सेनल, त्या वर्षी लीगमध्ये एकही सामना न हरलेला संघ. जुनिन्योचा गोल, १-०. मग कार्डिफ, मग कप. त्यानंतर तो सेल्टिकला गेला, ब्राझीलला गेला, सिडनीलाही खेळून आला. (त्या पुलाखालून गेला असेल तेव्हा त्याला कुणी सांगितलं का, की हे पोलाद कुठलं?) शेवटी आपल्या पहिल्या क्लबात, इतुआनोत, खेळला, आणि मग तोच क्लब चालवायला बसला. २०१४ ला इतुआनोनं सांतोसला टायब्रेकरवर हरवून साओ पावलो राज्याचं विजेतेपद घेतलं. याबद्दल इथं फारसं कुणी बोलत नाही. माझ्या लक्षात आलंय की कप हा यांच्या गप्पांचा दरवाजा असतो नुसता. आत गेलं की सगळे ११ मे लाच जाऊन बसतात.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ मुद्द्यावर आले नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

रात्री खोलीवर बसून मी त्याचे जुने सामने बघते. एका रात्री २९ जानेवारी २००० चा सामना सापडला. मँचेस्टर युनायटेडचं मैदान, उसनवारीचं वर्ष. ०-० असताना मिडल्सबरोला पेनल्टी मिळाली. युनायटेडचे खेळाडू रेफरीवर धावून गेले, रॉय कीनच्या मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि बिचारा रेफरी मागं मागं सरकतोय. तो फोटो इथं सगळ्यांना माहीत आहे. गोंधळ मिटला, पेनल्टी मारली, बॉस्निचनं अडवली. शेवटी बेकहॅमचा गोल, ०-१.

मंगळवारी मी वर्गात विचारलं, तो सामना आठवतो का? आठवतो म्हणजे काय! प्रत्येकानं कीनची नक्कल करून दाखवली. एकजण तर नव्या गुडघ्यावर रेफरीसारखा मागं चालला, मला धावून धरावं लागलं. मग विचारलं, पेनल्टी कुणी मारली होती? एक म्हणाला, झीगे. दुसरा म्हणाला, छे, हॅमिल्टन रिकार्ड. दोघांची जुंपली. मी म्हणाले, जुनिन्यो. वरच्या रांगेतल्या सीटवाले आजोबा पेडल मारायचे थांबले. थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. "असेल," म्हणाले, आणि परत मारायला लागले.

आबा, आता रागवू नका. मी दादाला चोरून एक काम सांगितलं होतं. तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी जी तुमच्या वेळची मंडळी बसतात, त्यांना सहज म्हणून विचार, आबा पट्टा आवळून खेळले ती फायनल टायब्रेकरवर गेली तेव्हा आपली पेनल्टी कुणी बाहेर मारली? तुमच्या हिशोबानं अख्खी पेठ ते नाव पाठ करून बसलीय. म्हणून तर तुम्ही गेली कित्येक वर्षं स्टेडियमकडं पाठ करून रंकाळ्यावर फिरायला जाता, सामना सुटायच्या वेळेला घरात येता आणि निकाल विचारत नाही. सकाळी पेपर मात्र मागच्या पानावरून उघडता.

दादानं तिघांना विचारलं. तिघांनी तीन नावं सांगितली. पहिल्यानं बॅकचं नाव घेतलं, दुसऱ्यानं गोलीचं (गोली कधी पेनल्टी मारत नव्हता म्हणे, तरी). तिसऱ्यानं तुमचं नाव घेतलं आणि म्हणाला, "त्यांची बसली होती. डाव्या कोपऱ्यात." त्यावर तिघांत वाद झाला. तुमची बसली होती यावर मात्र एकमत झालं. दादानं खरं सांगितलं नाही. तो म्हणतो, सांगितलं असतं तरी त्यांनी मलाच खोटं पाडलं असतं.

मग दादानं विचारलं, आबा खेळायचे कसे? तेव्हा तिघंही एकदम म्हणाले, "ठेव रे, ठेव!" तुम्ही मैदानाच्या मधून ओरडायचात म्हणे. बॉल पायात आला की घाबरून कुठंही भिरकावणाऱ्या पोरांना. ठेव, बघ, मग दे. कट्ट्यावर अजून कुणी चहाचा कप घाईनं उचलला, गाडी घाईनं काढली, पोरीच्या लग्नाला घाईनं होकार दिला, की ही माणसं म्हणतात, "ठेव रे, ठेव." नव्या पोरांना हे कुठून आलं ते ठाऊकच नाही, पण तीही म्हणतात. दादाचा पोरगा परवा व्हिडिओ कॉलवर मला म्हणाला, मी घाईनं फोन ठेवत होते तर. त्याला तुम्ही शिकवलं की बाहेरून शिकून आला?

हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल की वाईट, मला खरंच कळत नाही. इतकी वर्षं जे ओझं उचललं ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, हे काही गोड ऐकणं नाही. मी चार दिवस विचार केला, सांगू की नको. मग आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. फोनवर सांगितलंस तर मलाच ऐकावं लागेल."

तालमीनं या सीझनच्या शेवटी जुन्या खेळाडूंना बोलावलंय आणि तुम्ही "हरलेल्या फायनलच्या टीमचा सत्कार नसतो" म्हणून निरोप परत पाठवलात, हे दादानं सांगितलं. सत्कार, फेटा, नारळ यातलं मलाही काही विशेष वाटत नाही. नसेल जायचं तर नका जाऊ. पण त्याच्या आधी एखादा साधा सामना असेल, चार वाजताचा, ज्याचं कुणाला फारसं पडलेलं नाही असा. तुमच्या गुडघ्याचा कागद मी अजून भरलेला नाही. मागच्या दिवाळीला तुम्हाला तोच प्रश्न विचारला होता, बरा झाला की काय करायचंय, आणि तुम्ही म्हणालात, "काही नाही." तसं चालत नाही. ती जागा रिकामी ठेवता येत नाही, आमच्या साहेबबाई कागद परत पाठवतात.

आजोबा गेल्या शनिवारी त्यांच्या सीटवर पोचले. चौऱ्याहत्तर पायऱ्या, मोजून आले. मध्ये दोनदा थांबले आणि एकदा नातवाचा हात धरला, हे त्यांनी मला सांगितलं नाही, नातवानं सांगितलं.

रोज सकाळी खुर्चीतून दहा वेळा उठ-बस, हातांचा आधार न घेता. जेवण झाल्यावर नको. मांडीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीच्या पायऱ्या उंच आहेत, त्यांना कठडाही सगळीकडं नाही. चढताना चांगला पाय आधी टाका. उतरताना दुखरा आधी. दादाचा हात धरा, त्यात काही नाही.

तुमची
राणी